खिसा, गांठ आणि गर्दी

संस्कृत स्मृतिकारांनीं चोरांचे जे अनेक प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'ग्रंथिभेदक' आणि 'उत्क्षेपक' अशीं दोन नांवें येतात. ग्रंथिभेदक म्हणजे वस्त्राच्या गांठींत बांधलेलें द्रव्य गांठ सोडून अगर कापून नेणारा. उत्क्षेपक म्हणजे धन्याची नजर चुकवून वस्तु उचलून नेणारा. याज्ञवल्क्यस्मृतींत हे दोघे एकाच श्लोकांत शेजारीं शेजारीं बसले आहेत. मनुस्मृतीनें ग्रंथिभेदकास पहिल्या अपराधाबद्दल बोटें तोडण्याची, दुसऱ्याबद्दल हात-पाय तोडण्याची आणि तिसऱ्याबद्दल वधाची शिक्षा सांगितली आहे. पोथींत इतकी कडक शिक्षा असूनहि धंदा कांहीं बुडाला नाहीं. उत्क्षेपकाचें काम मराठींत उचलेगिरी या नांवानें चालूच राहिलें, आणि वस्त्राच्या गांठीची जागा खिशानें घेतली तेव्हां ग्रंथिभेदकाचा खिसेकापू झाला.

इंग्लंडांतील अनुभव याहून बोलका आहे. तेथें एलिझाबेथ राणीच्या अमदानींत झालेल्या एका कायद्यान्वयें, एका शिलिंगाहून अधिक किंमतीचा ऐवज माणसाच्या अंगावरून गुपचूप चोरणारास फांशीची शिक्षा होती. फांशी त्या काळीं उघड्यावर, हजारों बघ्यांच्या समक्ष देत असत, आणि लंडनमधील टायबर्न येथील वधस्तंभाभोंवतीं जमणाऱ्या त्या गर्दींतच खिसेकापूंचा हंगाम साधत असे! वर गळफांस लटकत आहे आणि खालीं चोरीचा धंदा बिनदिक्कत चालू आहे, असा तो देखावा होता. सॅम्युअल रोमिली यांच्या खटपटीनें १८०८ सालीं या गुन्ह्याची देहांत शिक्षा रद्द झाली. खिसेकापू शिक्षेचा हिशेब करीत नाहीं. तो पकडला जाण्याच्या शक्यतेचा हिशेब करतो, आणि सर्वांचे डोळे वर लागलेले असतां ती शक्यता त्याच्या लेखीं शून्य असते. तेव्हां प्रश्न दंडाचा कमी आणि लक्षाचा अधिक आहे.

या दृष्टीनें पाहतां महाराष्ट्रांतील जुना पोषाख मोठा शहाणा म्हणावा लागेल. धोतराच्या कनवटीला खोचलेला पैसा काढावयाचा तर माणसाचें धोतरच सैल करावें लागे, आणि तें सैल झालेलें ज्यास कळणार नाहीं असा मनुष्य विरळा! लांबच्या प्रवासास निघणारा व्यापारी रुपये कशांत भरी. कसा म्हणजे कापडाची लांबट, अरुंद पिशवी. ती वस्त्राच्या आंतून कमरेस बांधीत. बायका पदराच्या टोंकास गांठ मारून तो पदर खोचून घेत, अथवा बटवा कमरेस ठेवीत. बंडीस आंतल्या बाजूनें छातीशीं खिसा असे. या सर्व युक्त्यांत एक गोष्ट समान आहे. पैसा अशा जागीं असे कीं, तेथें परक्याचा स्पर्श झाल्यास मनुष्य दचकलाच पाहिजे. पुढें विजार आली आणि तिला मागें खिसा आला. ज्या जागीं माणसाची स्वतःची नजर जात नाहीं, हात क्वचितच जातो, आणि गर्दींत दहा जणांचा धक्का लागला तरी ज्याचें कोणास कांहींच वाटत नाहीं, ती जागा पाकिटासाठीं ज्यानें शोधून काढली, त्याचा खिसेकापूंनीं सभा भरवून सत्कार करावयास हरकत नव्हती. पाठीवर घ्यावयाच्या पिशव्यांची गोष्ट तीच. शाळकरी मुलापासून कचेरींतील साहेबापर्यंत सर्वांच्या पाठीवर ती असते, तिचें तोंड मागें असतें, आणि तिची साखळी ओढणारास पिशवीचा धनी कधींच दिसत नाहीं.

आतां गर्दीविषयीं. गर्दी म्हणजे केवळ पुष्कळ माणसें नव्हेत. मैदानावर हजारों माणसें ऐसपैस बसलीं असतां खिसेकापूचें फारसें चालत नाहीं. त्याला हवी असते अरुंद जागा आणि घाई. जिन्याचें तोंड, डब्याचें दार, बसची पायरी, दर्शनाच्या रांगेचें वळण. अशा ठिकाणीं माणसाचें चित्त पुढें गेलेलें असतें आणि शरीर मागें राहिलेलें असतें. त्यांतच त्वचेचा एक धर्म चोराच्या उपयोगी पडतो. शरीराला मोठा दाब जाणवत असतां त्याच वेळीं झालेला हलका स्पर्श जाणवत नाहीं. मनगट घट्ट आवळून धरल्यावर घड्याळाचा पट्टा सोडणारे जादूगार रंगमंचावर जें करून दाखवितात तें याच नियमावर. खांद्यास जोराचा धक्का बसला कीं माणसाचें लक्ष खांद्याकडे धांवतें; त्याच निमिषांत मांडीजवळच्या खिशांत दोन बोटें शिरून परत गेलेलीं असतात.

धक्का देणारा आणि बोटें घालणारा हे बहुधा निरनिराळे असतात, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. एक जण दारांत अडून उभा राहतो किंवा जिन्यावर एकाएकीं थबकतो. दुसरा मागून रेटा देतो. तिसरा काम करतो आणि हातीं आलेली वस्तु तत्क्षणीं चवथ्याकडे देतो. म्हणून ज्याच्यावर संशय घेऊन त्याची झडती घ्यावी, त्याच्यापाशीं कांहींच सांपडत नाहीं आणि तोच उलट अब्रूची भाषा बोलूं लागतो. 'खिसेकापूंपासून सावध रहा' ही पाटी सर्वत्र असते. पण ती वाचतांच भला गृहस्थ काय करतो? जेथें पैसे आहेत त्या खिशावरून हात फिरवितो! जवळ उभा असलेल्या भामट्याला जागेचा शोध करण्याचे श्रमसुद्धां पडत नाहींत. पाटी वाचून खिसा चांचपूं नये. घरून निघतांनाच पैसा नीट जागीं ठेवावा आणि मग त्याची आठवणहि चेहऱ्यावर दाखवूं नये.

१८५३ सालच्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तेव्हां मुंबईकरांनीं ती पाहावयास गर्दी केली होती. आज मुंबईंत गाडी पाहावयास वेळ कोणासच नाहीं, ती पकडावयाची असते. लोकल गाडी स्थानकावर अर्धा मिनिट थांबली तर पुष्कळ झालें. दादरसारख्या ठिकाणीं, जेथें मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही मार्गांचे प्रवासी एकमेकांत मिसळतात, त्या अर्ध्या मिनिटांत एकाच दारांतून एक लोंढा बाहेर येतो आणि दुसरा आंत घुसतो. खिसेकापूचा मुहूर्त हाच. पुष्कळदां तो गाडींत चढतच नाहीं. चढणारांत सामील होतो, दाराशीं कोंडी करतो, काम उरकतो आणि 'नाहीं जमत' असें म्हणत फलाटावर मागें सरतो. गाडी त्या बिचाऱ्या प्रवाशास घेऊन पुढें जाते आणि पाकीट दादरासच राहतें. त्याला तें कळतें तें बोरिवलीस किंवा कल्याणास, रिक्षावाल्यास भाडें द्यावयाच्या वेळीं.

यास उपाय फार साधा आहे, परंतु तो अंगीं लागण्यास कांहीं दिवस जातात. फलाटावर गाडी येण्यापूर्वीं पाठीवरची पिशवी छातीवर घ्यावयाची आणि एक हात तिच्या तोंडावर ठेवावयाचा. पाकीट पुढच्या खिशांत, आणि शक्य तर सदऱ्याखालीं आंतल्या खिशांत. पास वेगळा, सुटे पैसे वेगळे, मोठी नोट वेगळी. म्हणजे तिकीट दाखवितांना सारें वैभव उघडें करावें लागत नाहीं. डब्यांतील वरच्या फळीवर पिशवी ठेवावयाची असेल तर ती डोक्यावर न ठेवतां समोरच्या फळीवर ठेवावी. जी वस्तु डोक्यावर असते ती डोळ्यांस दिसत नाहीं. दाराजवळच्या खिडकीशीं बसणारांनीं एवढें स्मरावें कीं, गाडी हलण्याच्या क्षणीं बाहेरून आंत आलेला हात मोबाईल अथवा गळ्यांतील साखळी घेऊन जातो, आणि हललेल्या गाडीतून त्या हातामागें कोणी जाऊं शकत नाहीं.

याहून भयंकर प्रकार म्हणजे ज्यास मुंबईंत 'फटका' म्हणतात तो. दारांत उभा राहून कोणी तरुण मोबाईलवर बोलत असतो. रुळांच्या कडेस टपून बसलेला इसम गाडीचा वेग मंद झाल्यावर काठीनें त्याच्या हातावर फटका मारतो. मोबाईल खालीं पडतो, आणि तो वांचविण्याच्या नादांत मनुष्य स्वतः पडतो. अशा प्रसंगीं पाय गमावून बसलेल्या माणसांचीं उदाहरणें मुंबईंत घडलीं आहेत. पंधरा-वीस हजारांची वस्तु पुन्हां घेतां येते. दारांत बोलूं नये, आणि बोलत असतां गेलाच तर त्याच्यामागें उडी घालूं नये, एवढें प्रत्येक घरांतील आईनें आपल्या मुलास बजावावें.

एस्. टी.च्या स्थानकावर चित्र निराळें, पण डांव तोच. लग्नसराईचे दिवस असतात. माहेरीं निघालेली बाई कडेवर मूल, एका हातांत पिशवी आणि दुसऱ्या हातानें दांडा धरून गाडींत चढत असते. दागिने अंगावर घातले तर चोर पाहील म्हणून ते डब्यांत, डबा पर्समध्यें आणि पर्स पिशवींत! दागिन्यांची इतकी काळजी घेतली खरी, पण पिशवी मात्र पाठीमागें लोंबत असते. चढतांना दोन-तीन बायका 'अहो ताई, सरका' म्हणून अंगाशीं येतात, आणि गाडी निघून तिकीट काढावयाच्या वेळीं साखळी उघडी दिसते. पिशवीस ब्लेडनें उभी चीर दिलेली असावी, असेंहि घडतें. अशा वेळीं सोनें असलेली पिशवी सोबतच्या माणसाजवळ द्यावी आणि त्यानें शेवटीं चढावें. सोबत नसेल तर आसन मिळाले नाहीं तरी चालेल, गर्दी ओसरल्यावर चढावें. आसनासाठीं खिडकींतून रुमाल टाकण्याची आपल्याकडे चाल आहे. कित्येक जण रुमालाऐवजीं पिशवीच टाकतात. त्यांच्या या विश्वासास काय म्हणावें?

सण-उत्सवांविषयीं विस्तार करण्याचें कारण नाहीं. लालबागच्या गणपतीच्या विसर्जनानंतर मोबाईल गेल्याच्या तक्रारींसाठीं पोलीस ठाण्यांत लागणाऱ्या रांगा वर्तमानपत्रांतून दरवर्षीं वाचावयास मिळतात. पंढरीस आषाढींत जाणारा वारकरी या बाबतींत शहरी भाविकापेक्षां सुज्ञ असतो. नेण्यासारखें तो फारसें बरोबर घेतच नाहीं. शहरांतून दर्शनास आलेल्या गृहस्थाचें मात्र निम्में चित्त वहाणांपाशीं आणि निम्में खिशापाशीं असतें. विठोबाच्या वांट्यास काय येतें तें त्याचें त्यास माहीत.

गर्दींतून थोडेंसें बाजूस नेऊन केलेल्या चोरीचा एक प्रकार मात्र स्वतंत्रपणें सांगितला पाहिजे, कारण तो मुख्यत्वेंकरून वृद्धांवर होतो. बाजारांतून परतणाऱ्या आजीबाईंस दोन नीटनेटके तरुण गांठतात, आपण पोलीस असल्याचें सांगतात, आणि 'पुढें लुटालूट झाली आहे, दागिने काढून रुमालांत बांधा' असें मोठ्या कळकळीनें सुचवितात. पुरचुंडी ते स्वतःच बांधून देतात. घरीं जाऊन सोडून पाहावी तों आंत खडे किंवा खोट्या बांगड्या! खरा पोलीस रस्त्यांत कोणाचे दागिने उतरवून आपल्या हातीं घेत नाहीं. 'पोलीस ठाण्यांत चला, तेथें काढतें' हें एकच उत्तर त्यास पुरे आहे. 'तुमच्या नोटा पडल्या', 'तुमच्या सदऱ्यावर घाण पडली' असें सांगणारेहि याच शाळेंतले. पाठीवरची घाण पुसावयास मदत करणारा आगंतुक दिसला कीं प्रथम पिशवी कवटाळावी; पाठ काय, घरीं गेल्यावरहि धुतां येईल.

कांहीं वर्षांपूर्वीं पाकीट गेलें म्हणजे पगार गेला. आतां मोबाईल गेला म्हणजे पैसे, पत्ते, छायाचित्रें आणि बँकेची किल्ली हीं एकदम जातात. म्हणून हल्लींचा चोर घाई करण्यापूर्वीं कित्येकदां थोडा वेळ शेजारीं उभा राहून गुप्त अंक कोणते दाबले जातात तें पाहतो. चहाच्या दुकानीं दहा रुपये देतांना जे अंक सर्वांसमक्ष दाबले जातात, त्याच अंकांनीं खात्यांतील शिल्लक बाहेर निघूं शकते. अंक हाताच्या आडोशानें दाबावेत. मोबाईल उघडण्याचे अंक आणि पैसे देण्याचे अंक एकच ठेवूं नयेत. आणि ते पाकिटांतील चिठ्ठीवर लिहून ठेवण्याचा प्रघात तर ताबडतोब सोडावा.

रेल्वेनें प्रवास करीत असतां सामान गेलें तर रेल्वे भरपाई देईल, अशी कित्येकांची समजूत असते. १९८९ च्या रेल्वे कायद्याचें शंभरावें कलम असें कीं, पावती घेऊन नोंदलेल्या सामानाची गोष्ट वेगळी. प्रवाशानें स्वतःजवळ बाळगलेलें सामान गेलें तर रेल्वेचा वा तिच्या नोकरांचा निष्काळजीपणा अथवा गैरवर्तन सिद्ध झाल्याखेरीज रेल्वे जबाबदार नाहीं. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें असेंच एक प्रकरण आलें. एका प्रवाशानें एक लाख रुपये पट्ट्यांत घालून कमरेस बांधले होते आणि रात्रींच्या प्रवासांत ते गेले. ग्राहक न्यायमंचांनीं त्याच्या बाजूनें निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. स्वतःचा ऐवज स्वतःस सांभाळतां आला नाहीं, तर तो सेवेंतील दोष ठरत नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. जुन्या कशाची वर इतकी स्तुति झाली. परंतु कसा झाला तरी झोंपेला जुमानतो, हें या प्रकरणावरून दिसून येईल. लांबच्या प्रवासांत रोकड न नेणें हेंच उत्तम.

चोरावरील कायदाहि आतां बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. तींत हिसकावून नेणें हा स्वतंत्र गुन्हा केला असून प्रवासी वाहनांतून वस्तु चोरल्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. टोळीनें केलेल्या खिसेकापूपणाचा तींत स्पष्ट नांवानिशीं उल्लेख आहे, आणि त्यास एकापासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. प्रवाशाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची गोष्ट ही कीं, घटना कोणत्याहि हद्दींत घडली असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याहि पोलीस ठाण्यास घ्यावी लागते. 'तें आमच्या हद्दींत नाहीं' हें उत्तर ऐकून परत फिरण्याचें कारण नाहीं.

येथें एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख टाळतां येत नाहीं. चोरीची ओरड होतांच गर्दी जो सांपडेल त्यास बडवूं लागते, आणि सांपडतो तो बहुधा फाटक्या कपड्यांतला, एकटा, भांबावलेला. खरा चोर नीटनेटका असतो. त्याचें भांडवलच तें आहे. चोर सोडून संन्याशास सुळावर देण्याचा हा प्रकार सरकारनेंहि एकेकाळीं कायदा करून चालविला होता. १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यात आलें. त्या जमातींच्या मुलांवर पाळण्यांत असल्यापासून तो शिक्का बसला. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला, तरी शिक्का पुसला गेला नाहीं. लक्ष्मण गायकवाड यांचें 'उचल्या' हें आत्मकथन १९८७ सालीं प्रसिद्ध झालें आणि त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. खिसा कापला गेल्याबद्दल हळहळणाऱ्या सुशिक्षित घरांतून तें अवश्य वाचलें जावें. चार आणे चोरीला गेले म्हणून निरपराध्याचे दांत पाडणारा जमाव चोरापेक्षां मोठा अपराधी आहे. संशयिताला धरावें, पोलिसांच्या स्वाधीन करावें, हात उचलूं नये.

आणि वस्तु गेलीच तर? पहिला अर्धा तास रडण्यांत आणि दोष देण्यांत जातो. नेमका तोच चोरास हवा असतो. दुसऱ्याच्या मोबाईलवरून प्रथम बँकेस कळवून खातें व कार्ड बंद करावें, मग मोबाईल कंपनीस सांगून सिमकार्ड बंद करावें. खात्यांतून पैसे निघूं लागले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. गाडींत घडलें असेल तर १३९, इतरत्र ११२. त्यानंतर पोलीस ठाणें. मोबाईलचा पंधरा अंकी ओळखक्रमांक घरीं वहींत लिहिलेला असावा. तारांकित चिन्ह, चौकटीचें चिन्ह, शून्य, सहा आणि पुन्हां चौकटीचें चिन्ह दाबल्यास तो पडद्यावर दिसतो. पोलिसांतील तक्रारीची प्रत आणि हा क्रमांक देऊन 'संचार साथी' या सरकारी सेवेमार्फत तो मोबाईल देशभर निरुपयोगी करून ठेवतां येतो. २०२३ सालापासून ही सोय सर्व देशांत आहे. मोबाईल मिळाला तर तो मोकळा करून घेतां येतो.

पाकिटाचें मात्र निराळें आहे. चोरास हवी असते रोकड. ओळखपत्रें, पास, औषधाची चिठ्ठी, मुलीचा फोटो, हें सर्व तो स्थानकाच्या कोपऱ्यांत किंवा रुळांवर टाकून देतो, आणि एखादा सफाई कामगार तें उचलून ठेवतो. त्यास परत करण्याची इच्छा असते, परंतु कळवावें कोणास? याकरितां पाकिटांत नांव आणि दूरध्वनि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. अशी चिठ्ठी ठेवणारे सावध गृहस्थहि तिच्यावर आपल्याच मोबाईलचा क्रमांक लिहितात, आणि तो मोबाईल पाकिटाबरोबरच गेलेला असतो. क्रमांक घरच्या माणसाचा लिहावा. तें दिवसभर घरीं नसेल, तर शेजाऱ्याचा.